तीन नंबरच्या नळ्या

काम तसं नेहमीचंच. कोळशावरचं वीजकेंद्र भरवशाचं आहे का ते तपासायचं आणि अहवालावर सही करायची. तीन नंबरचा बॉयलर महिनाभर दुरुस्तीसाठी बंद होता, दुसऱ्या दिवशी पेटणार होता. त्याच्या अवतीभवती चाळीस माणसं राबतात.

नळ्यांच्या जाडीचा तक्ता पाहिला आणि माझं डोकंच सणकलं. सगळे आकडे गेल्या वर्षीचे, जसेच्या तसे!

"वर्षभर आग खाऊन एकही नळी झिजली नाही? संपावर होत्या काय?"

"कशाला खोलात शिरता..." केंद्रप्रमुख हसला. "वरून घाई आहे."

गेल्या वर्षी मापं घेतली होती माझ्या जोडीदारानं. आम्ही त्याला मिलिमीटर म्हणायचो. केसभर चूक खपायची नाही त्याला. तो बॉयलरच्या आत असतानाच या प्रमुखानं घाईघाईनं वाफेचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. आणि चौकशीत लिहिलं काय, तर निष्काळजीपणा मेलेल्याचाच! आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

"बॉयलरचं दार उघडा," मी म्हटलं.

फिटरनं उघडलं. प्रमुख बाहेरच थांबला; त्यानं आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आत मिट्ट काळोख. ओल्या राखेचा वास... विजेरी फिरवली, तर नळीनळीवर खडूनं आकडे. माप घेणारे तसं लिहितात, पण बॉयलर पेटला की ते जळून जातं. हे ताजं होतं. आणि साताला आडवी रेघ... ती एकटा मिलिमीटरच मारायचा.

जाडी मोजायचं यंत्र लावलं. नळीवर पाच पॉइंट सात लिहिलं होतं, तेवढंच भरलं. पुढची नळी चारच भरली. मग दोन. कोपऱ्यातली तर बोटानं दाबली असती तरी फुटली असती.

मागे खडू घासल्याचा आवाज आला. कर्र... कर्र... मी वळलो नाही.

"सही करत नाही रे मी," मी नळीकडे बघतच म्हटलं. "मेलो तरी नाही."

आवाज थांबला.

बाहेर येऊन अहवालावर आडवं लिहिलं, 'पेटवू नका', आणि तो कागद प्रमुखाच्या छातीवर आपटला.

"तुम्ही नाही तर दुसरा करेल," तो म्हणाला. "सह्या करणारे पैशाला पासरी मिळतात."

दार लावायला गेलेला फिटर तिथंच थिजला. दाराच्या आतल्या अंगाला खडूनं लिहिलं होतं: 'साहेब, आज मापं तुम्ही घ्या.'

"कोणी... कोणी लिहिलं हे?" प्रमुखाचा चेहरा पांढराफटक.

"मला काय विचारता? आत जा, त्यालाच विचारा!" मी विजेरी त्याच्या हातात कोंबली.

शेवटच्या अक्षराखालून खडूची भुकटी अजून गळत होती.