तलावातली पहिली उडी

“अहो बाई, चपला बाहेर!”

जलतरण तलावाच्या काठावरून आलेल्या त्या हाकेनं इतिहासाची प्राध्यापिका दचकली. पाय सटकला... आणि पोहणं शिकवणाऱ्या मास्तरनं वेळीच दंड धरला नसता, तर नागरी हक्कांवरचा तिचा सारा व्यासंग त्या दिवशी खरोखरच पाण्यात गेला असता.

“शिकायचंय?” दंड न सोडताच त्यानं विचारलं.

“नाही. दलित वस्तीतल्या माणसांना पूर्वी या तलावात बंदी होती ना? ती मोडून पहिली उडी मारणारा मुलगा मला हवाय.”

“हवाय?” तो हसला. “मग सापडला की!”

मुलाखती सुरू झाल्या. ओल्या केसांतून पाणी निथळत असताना तो सांगत राही – वडिलांनी खांद्यावरून कसं उतरवलं, त्यानं उडी मारताच बाकीचे भराभर कसे बाहेर पडले... तिचं पेन थांबे.

“अहो, रडता काय? अख्खा तलाव माझ्या एकट्याचा झाला होता!”

मुलाखती संपल्या, तरी ती येत राहिली.

“मी काय समजू?” एका संध्याकाळी त्यानं हळूच विचारलं.

तिचे कान तापले. पण विद्यापीठात अंगी बाणलेली शिस्त आधी बोलली. “ज्याची साक्ष घेतली, त्याच्याशी नातं जोडता येत नाही. मग ती साक्ष कुणी खरी मानत नाही.”

“मग काढून टाका माझी साक्ष.”

ती घुटमळली. सगळं पुस्तक त्या उडीवर उभं होतं. “ते... नाही जमणार.”

“बरं,” म्हणून तो शिकायला आलेल्या पोरांकडे वळला.

दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. पहिली प्रत घेऊन ती धावतच तलावावर गेली.

“झालं पुस्तक. आता... आता काही अडचण नाही.”

हात पुसून त्यानं प्रत घेतली. “पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं.”

“मला वाटलं, तुम्ही थांबाल.”

“थांबलो असतो की! पण तुम्ही ‘थांबा’ म्हणालाच नाहीत, बाई. मला वाटलं, तुम्हाला फक्त माझी हकिगत हवी होती.”

अख्ख्या वस्तीला बोलतं करणाऱ्या प्राध्यापिकेनं शेवटचा प्रश्न विचारला.

“कशी आहे... ती?”

“चांगली आहे. पाण्याला फार भिते. तुमच्यासारखीच.”

“मग सावकाश उतरवा तिला,” ती म्हणाली, आणि घाईघाईनं फाटकाकडे वळली.