ओट्यापर्यंतची रेघ

ललित, तो मोबाइल खाली ठेव. पुनम, तूही ये इकडे, गच्चीच्या कठड्यावर बसू नकोस. तुम्ही दोघं भाऊबहीण सातपुड्यात चार दिवस तंबू ठोकायला निघालात, आणि जीपीएसचं मशीन कोणतं घ्यावं हे या अभिमन नानाला विचारायला आलात, हे बरं केलंत. पिंप्राळ्यात एकवीस वर्षं माझं दुकान होतं. मोजणीच्या टेपा, लेव्हल, आणि नंतर नंतर ही मशीनं. ट्रॅक्टरवाले न्यायचे, नांगरलेलं रान मोजायला.

तर मोबाइलवर विसंबू नका. खिरोद्याचा घाट चढलात की रेंज गेलीच म्हणून समजा. मशीन घ्या, आणि सेलवर चालणारं घ्या. जंगलात झाडाला चार्जिंगचा बोर्ड नसतो. बटणांचं घ्या, घामेजलेल्या बोटाला काचेचा पडदा ओळखत नाही. आत नकाशा भरलेला पाहिजे. आणि तरीसुद्धा नाले, चढउतार दाखवणारा कागदाचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचा. पुनम, हसतेस काय? तुझ्या भावाला पिंप्राळ्यातलं स्वतःचं घर रिक्षावाल्याला धड सांगता येत नाही.

एक मात्र करू नका. नुसती रेघ काढणारं मशीन घेऊ नका. ते हातात घेऊन चाललं की पडद्यावर तुमच्या चालण्याची रेघ उमटते, कुठल्या वेळेला कुठे होतात तेही लिहिलं जातं. बाकी त्याला काही येत नाही. नको का म्हणतो... तसलं एक मी विकलंय. सावद्याच्या तोताराम पाटलाला.

तोताराम माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. केळीचा शेतकरी. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मळ्यातल्या घरात तो आणि धाकटा भाऊ हिलाल. हिलालनं लग्न केलंच नाही. त्याचं मन जंगलात. तरुणपणी चोरून सशांना फासे लावायचा, पुढे तेही सोडलं, नुसता हिंडायचा. मधाचं पोळं, रानभाजी, काहीतरी घेऊन तिसऱ्या दिवशी घरी.

या भावांची एक रीत होती. केळीच्या बागेत चार ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही आणि हाकही पानांत मुरते. म्हणून विळ्याची मूठ ठिबकच्या लोखंडी पाइपावर हाणायची. दोन ठोके म्हणजे, मी इथे आहे, तू कुठे? त्यावर दुसऱ्यानं तीन ठोके द्यायचे. तीन म्हणजे, आलो. लहानपणापासून तसंच.

बावीस सालच्या ऑगस्टमध्ये, ऐन कापणीच्या दिवशी हिलाल जंगलाकडे निघाला. ट्रक दारात उभा, मजूर खोळंबलेले. तोतारामचं डोकं फिरलं. चारचौघांत ओरडला, "जाय! पन परत माह्या ओट्यावर पाय ठेवू नको!"

हिलाल वळला. गेला. तो आलाच नाही.

पोलिसात नोंद झाली, जंगलखात्याची माणसं फिरली, महिन्याभरात सगळे थकले. तोताराम थकला नाही. माझ्या दुकानात आला तो मशीन घ्यायला. मी म्हटलं, भाऊ, नकाशावालं घ्या. तर म्हणतो, "मले नकाशा कायले पायजे, नाना? मी कुठी कुठी पाह्यलं तेवढं कळलं म्हंजे झालं." कागदाच्या नकाशावर त्यानं पट्टीनं रेघा मारल्या होत्या, केळी लावायला आखतात तशा. दर सोमवारी एक ओळ शोधायची. ओळ संपली की पुढची.

मी विचारलं, सापडला तर काय करणार? मला वाटलं, म्हणेल क्रियाकर्म. तो म्हणाला, "घरी चाल म्हनीन. बोललो ते वापस घीन." एवढंच. मी सेल घालून दिले.

आता ती रात्र. अकरा डिसेंबर दोन हजार तेवीस, सोमवार. कार्तिक वद्य चतुर्दशी, म्हणजे चंद्र नाहीच. पुढचं सगळं मला तोतारामनं स्वतः सांगितलं, बुधवारी, दुकानात बसून.

सकाळी त्यानं घाटावरच्या पाल गावाच्या अलीकडच्या एका पाड्यावर सिंगाच्या दारात मोटरसायकल लावली. सिंगा शेळ्या राखणारा, ओळखीचा झालेला. दुपारी मशीनमधले सेल उतरले. तोतारामनं काय केलं असेल? दोन्ही सेल काढून खडकावर उन्हात तापत ठेवले. आपण सगळ्यांनी रेडिओचे सेल तसे ठेवलेत, तापले की तासभर चालतात. भाकरी खाल्ली, जरा पडला. मग मशीन पिशवीत टाकलं आणि निघाला. सेल खडकावरच राहिले.

लक्षात आलं तेव्हा चार वाजून गेले होते. खडक कुठे ते आठवेना. कागद उघडला, तर नाला कोणता तेच कळेना. सगळे नाले सारखे. पावणेसहाला सूर्य गेला. सागाची पानं गळायला लागलेली, पाऊल पडलं की करकर आवाज. चालला की आवाज. थांबला की... काहीच नाही.

उजेडाची बॅटरी होती जवळ, चार्जिंगची. ती लावून एका झाडाला टेकून बसला. थंडी वाढली. तो मला म्हणाला, नाना, त्या टायमाले पहिल्यांदा कळलं, हिलाल किती एकटा पडला आसंन.

आणि मग...

ठक. ठक.

लांबून. लाकडावर लाकूड.

सुतारपक्षी असेल म्हणाला मनाशी. पण सुतारपक्षी अंधारात ठोकत नाही.

ठक. ठक.

दोनच. मग थांबायचं. वाट बघितल्यासारखं.

त्याच्या हातात काठी होती. पाठीला झाड होतं. तीन ठोके द्यायला कितीसा वेळ लागतो? दीड वर्ष तो याचसाठी फिरत होता ना! पण हात उचलेना. तीन दिले... आणि समोर आलं तर? काय येईल?

ठोके दिले नाहीत. पण उठला. आवाजाच्या मागे चालू लागला. तो पुढे सरकला की आवाज पुढे. हा थांबला की आवाज थांबे. बॅटरीच्या उजेडात कुणी नाही. पायाचा आवाज एकाचाच. नाला उतरला. चढला. पुन्हा उतरला.

ठक. ठक.

साडेनऊला पाय डांबरी सडकेला लागले. समोर पाड्यावर सिंगाच्या झोपडीतला दिवा. मागे वळला. जंगल तसंच. आवाज बंद.

सेल खडकावर राहिले, एवढंच सिंगाला सांगून त्यानं मोटरसायकल काढली आणि सुटला. घाट उतरला, खिरोदा मागे टाकलं, सव्वादहाच्या सुमाराला मळ्यात. पिशवी आतल्या खुंटीला अडकवली. दाराला कडी घातली. रोज घालत नसे. त्या दिवशी घातली. पाणी प्यायला आणि गोधडी घेऊन आडवा झाला.

अंगणात, ओट्याच्या समोर, ठिबकच्या व्हॉल्व्हचा लोखंडी पाइप उभा आहे. मी पाहिलाय.

पावणेअकरा वाजले असतील.

ठण. ठण.

या वेळी लोखंडावर.

तोताराम उठून बसला. दाराच्या फटीतून अंगणातला गार वारा येत होता. कुत्रं भुंकलं नाही. हिलालचं कुत्रं ते. ते नुसतं... कुईकुई करत होतं. लाडात आल्यासारखं.

ठण. ठण.

उशाशी लोटा होता. जमिनीवर तीनदा आपटला असता तरी चाललं असतं. कडी काढली असती तरी. नुसतं "ये" म्हटलं असतं...

त्यानं गोधडी डोक्यावरून ओढली.

तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

मंगळवारी सकाळी सिंगा शेळ्या घेऊन गेला, तर खडकावर दोन सेल. शेजारी शेजारी, ठेवले तसेच. केळी भरायला सावद्याला निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती त्यानं ते धाडले. चांगला माणूस. तोताराम ते सेल आणि मशीन घेऊन बुधवारी माझ्याकडे आला. म्हणाला, नाना, कोनती ओळ राह्यली तेवढं पाहून द्या, मले पुढच्या सोमवारी जायचं.

मी नवे सेल घातले. मशीन चालू झालं. ते दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून सोमवारची रेघ उपग्रहाच्या नकाशावर काढली. सकाळी पाड्यापासून निघालेली, दुपारी बाराला खडकापाशी तुटलेली. बरोबर. सेल तिथेच काढले होते.

पण खाली अजून एक रेघ होती. सोमवारचीच.

ती सुरू होत होती एका दरीत. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी. ती दरी ज्या ओळीत येते, ती ओळ तोतारामनं अजून शोधलेलीच नव्हती. तिथून रेघ एका ठिकाणी आली, जरा घुटमळली, मग नाले ओलांडत सडकेला. साडेनऊ. सडकेवरून घाट, खिरोदा, सावदा, मळा. सव्वादहा. सगळं जुळत होतं. फक्त मशीनमध्ये तेव्हा सेल नव्हते.

मी पडदा मोठा केला. रेघ अंगणात आली होती. पाइपापर्यंत. तिथे अर्धा तास. तिथून ओट्याकडे. आणि ओट्याच्या दोन पावलं अलीकडे थांबली होती. तेवीस मिनिटं.

मग वळली.

तोतारामनं विचारलं, "मंग?"

मी बोटानं दाखवलं. रेघ मळ्यातून निघाली होती. सावदा, खिरोदा, घाट. पण येताना अर्ध्या-पाऊण तासात आलेली, ती आता माणसाच्या चालीनं जात होती. रात्रभर. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्याच दरीत पोचली आणि संपली. आणि त्या सगळ्या वेळात मशीन तोतारामच्या घरात खुंटीला होतं, कडी लावलेल्या दाराच्या आत.

तोताराम पडद्यावर बोट ठेवून बसला, ओट्याच्या अलीकडे, जिथं रेघ वळली होती तिथं. मग म्हणाला, "मी म्हनलं व्हतं ना त्याले. ओट्यावर पाय ठेवू नको. आयकलं त्यानं."

मला त्याच्याकडे बघवलं नाही. आत जाऊन चहा ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.

पुढच्या सोमवारी तोताराम, सिंगा, मी आणि जंगलखात्याचा एक माणूस असे चौघं त्या दरीत गेलो. दिवसभर शोधलं. वाळू, दगड, वाळलेलं गवत. दुसरं काही नाही. तोतारामनं पुढच्या ओळी शोधणं तिथंच थांबवलं.

आता तो मळ्यातच असतो. दाराची कडी त्यानं उपटून टाकली, थंडीतही दार उघडं. अंधार पडला की ओट्याखाली उतरतो, विळा घेतो आणि त्या पाइपावर तीन ठोके देतो. मग उभा राहतो. कुत्रंही शेजारी उभं. गेल्या महिन्यात मी एक रात्र तिथे मुक्कामाला होतो, म्हणून सांगतो, त्या तीन ठोक्यांनंतर बाग इतकी गप्प होते की ठिबकचं पाणी पडताना ऐकू येतं. उत्तर कधी आलेलं नाही.

मशीन त्यानं जपून ठेवलंय. सेल काढलेले, वर्षाच्या वर झालं. त्या मुक्कामाच्या रात्री झोपण्याआधी मीच म्हटलं, भाऊ, बघू जरा. माझ्या बॅटरीतले दोन सेल घातले.

ती रेघ तशीच होती. दरी, सडक, मळा, पाइप, आणि ओट्याच्या अलीकडे ते वळण. पण त्या वळणावर आधी एकच रेघ होती, ललित...

आता तिथं रेघांचा गुंता झालाय. रोजची एक.