हत्तिणीची अंघोळ

उजाडायच्या आधीच हत्तिणीने सगळी आळी डोक्यावर घेतली. हत्तीण म्हणजे आत्याची जुनी जीप, चारही चाकांनी जोर लावणारी. तिला कोणी हात लावला नव्हता, किल्ली घरात खिळ्याला लटकत होती, आणि तरी अंगणात हॉर्न वाजतोय तो वाजतोच आहे. आत्या तशीच अनवाणी धावली. तिने बॅटरीची वायर उपटली, तेव्हा कुठे शेजारच्या खिडक्या बंद झाल्या.

सुट्टीला आलेली तिन्ही भावंडं डोळे चोळत दारात उभी होती. थोरली भिंगरी, बारा वर्षांची. एकदा का एखादी गोष्ट मनात घेतली की ती ऐकायची नाही कुणाच्या बापाचं. तिचा धाकटा भाऊ बोका. आणि चुलतभाऊ मास्तर, ज्याला न विचारलेलं समजावून सांगायची भारी हौस. हे भूतच असणार, असं बोक्याने जाहीर करून टाकलं. मास्तरने लगेच खारं पाणी आणि वीज या विषयावर व्याख्यान सुरू केलं. भिंगरी मात्र आत्याकडे बघत होती. आत्या रडकुंडीला आली होती, आणि असं तिला भिंगरीने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

आत्या गुरांची डॉक्टर. खाडीपलीकडच्या वस्त्यांवर जायला रस्ता असा नव्हताच. ओहोटी लागली की ओल्या वाळूवरून गाडी घालायची आणि भरतीच्या आत परत यायचं. साधी गाडी तिथे अर्ध्या चाकापर्यंत रुतून बसते. हत्तीण कधी रुतली नव्हती. पण मागच्या वादळात समुद्र गावात शिरला आणि हत्तीण सीटपर्यंत खाऱ्या पाण्यात उभी राहिली. आत्याने डोकं शाबूत ठेवलं. तिने गाडी चालू करून बघितली नाही, ओढत गॅरेजात नेली, एकूण एक तेल बदलून घेतलं आणि गॅरेजवाल्या काकांना बजावलं की गोड्या पाण्याने धुवा, कोपरान् कोपरा धुवा. काकांनी धुतली. पुन्हा धुतली. तरी गाडी वाळली की नटबोल्टवर, वायरींच्या जोडांवर पांढरी भुकटी हजर. आता तर हॉर्न आपल्या मनाने वाजायला लागला होता.

आणि उद्या नाही तर परवा आत्याचे साहेब तपासणीला येणार होते. गाडी सरकारी; ती धड चालली नाही तर भंगारात जाणार, आणि दुसरी कधी मिळेल याचा काही नेम नाही. खाडीपलीकडे शेळ्यांमध्ये साथ सुरू झालेली, लशी फ्रीजमध्ये पडून, आणि डॉक्टरीणबाई अलीकडच्या काठावर.

"काका धुतच नसणार," चहा पिताना भिंगरी म्हणाली. "वरवर पाणी मारत असतील. आज डोळ्यांनी बघायचं."

आत्या गाडी पुन्हा गॅरेजात सोडायला निघाली, तशी ही तिघं तिच्या मागोमाग गेली आणि गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या टायरांच्या ढिगामागे जाऊन बसली. काकांनी पंप लावला, पाइप हातात घेतला आणि गाडीखाली चक्क आडवे झाले. त्यांनी चाकांच्या आतून पाणी मारलं, बॉनेटखाली मारलं, सीट काढून तळाशी मारलं. घाम पुसायलाही ते थांबले नाहीत. एखाद्या आईने पोराला न्हाऊ घालावं तसा तो माणूस त्या गाडीला न्हाऊ घालत होता. भिंगरीला मनातून लाज वाटली. चांगल्या माणसावर आपण उगाच आळ घेतला होता.

मग ही भुकटी येते कुठून?

कोडं सुटलं ते बोक्यामुळे, आणि तेही त्याच्या नकळत. टायरांना टेकून त्याचे हात कोळशासारखे झाले होते. तो गॅरेजच्या नळावर साबण चोळत बसला आणि थोड्या वेळाने कुरकुरत आला की काकांचा साबण बोगस आहे, फेसच होत नाही. मास्तरने साबण चांगला की वाईट यावर बोलायला तोंड उघडलं, पण भिंगरी उठून नळाकडे गेलीसुद्धा. तिने करून पाहिलं. हातावर नुसती चिकट साय आली. तोच साबण घेऊन ती घरी पळाली. घरच्या नळाखाली मनगटापर्यंत फेस झाला.

घरचं पाणी डोंगरावरच्या टाकीतून यायचं. गॅरेजच्या नळाला पाणी यायचं ते मागच्या विहिरीतून.

तिघं गॅरेजच्या मागे गेली. विहिरीचा कठडा बुटका होता. त्याच्यावर, रहाटाच्या लाकडात, वाळलेलं समुद्राचं गवत अडकलं होतं आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीवर कठड्याच्याही वर पाण्याची रेघ उमटली होती. समुद्र विहिरीत उतरून गेला होता आणि त्याची दखल कुणी घेतली नव्हती. भिंगरीने दोन ताटल्या उन्हात ठेवल्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत घरचं. दुपार कलली तेव्हा घरची ताटली जवळजवळ स्वच्छ होती. विहिरीच्या ताटलीवर पांढरा थर बसला होता.

काका आधी हसले. ही विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली, गावात एवढं गोड पाणी दुसरीकडे नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. हल्ली ते स्वतः प्यायला पाण्याचा कॅन विकत आणत होते, पण ते केवळ पंप बिघडला होता तेव्हापासूनच्या सवयीने. ताटलीवर धूळ बसली असेल, म्हणाले. भिंगरीने वाद घातला नाही. तिने साबण पुढे केला.

"काका, याचा फेस काढून दाखवा. निघाला तर आम्ही तुमची माफी मागू."

काकांनी हात चोळले. मग जोर लावून चोळले. मग बाही वर सारून चोळले. शेवटी भिंगरीने आपल्या बाटलीतलं घरचं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं आणि काकांचे काळे हात क्षणात फेसाने पांढरेशुभ्र झाले. काका हातांकडे बघत हत्यारांच्या पेटीवर मटकन बसले. एवढे दिवस आपण मीठ धुवायला मीठच वापरत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायच्या वेळेला तिघांनी हातगाडीवर पिंपं चढवली. आळीतल्या प्रत्येक दारात भिंगरी उभी राहिली आणि कारण सांगून पाणी मागितलं. आदल्या पहाटे हॉर्नने जागे झालेले शेजारी आधी वैतागले, पण पाणी दिलं सगळ्यांनी. काकांनी तळाची बुचं उघडली, ब्रेक खोलले, वायरींचे जोड सुटे केले. मोठ्यांचा हात जाईना तिथे बोका घुसला. मास्तर ब्रश घेऊन एकेक जोड घासत होता आणि पहिल्यांदाच काही न बोलता काम करत होता. प्रत्येक धुण्यानंतर गाडीखालून गळणारं पाणी भिंगरी ताटलीत धरायची आणि गॅरेजातल्या शेगडीवर आटवायची. पांढरा डाग उरायचाच.

संध्याकाळी बोका पेंगायला लागला. आता पुरे, एवढं चालतं, असं काकासुद्धा म्हणाले.

"डाग आहे अजून," भिंगरी म्हणाली आणि हातगाडी घेऊन एकटी निघाली. थोडं पुढे गेल्यावर गाडी हलकी लागायला लागली. मागे वळून पाहिलं तर काका ढकलत होते.

त्या फेरीनंतर ताटली कोरी निघाली.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. पांढऱ्या भुकटीची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले आणि मग सरळ खाडीच्या वाळूवर गाडी न्यायला सांगितलं. मागे ही तिघं बसली होती. बरोबर मधोमध, दोन्हीकडे चकाकणारं पाणी असताना, साहेब म्हणाले, "इथे इंजिन बंद करा. आणि पुन्हा चालू करा."

आत्याचा हात किल्लीवर थांबला. भरती यायला फार वेळ नव्हता. तिने इंजिन बंद केलं. वाळूत नुसत्या लाटांचा आवाज उरला. तिने किल्ली फिरवली आणि हत्तीण एका हाकेत जागी झाली. परत काठावर आल्यावर साहेबांनी काकांची पाठ थोपटली.

"मला नका थोपटू, साहेब," काका म्हणाले. "मी तिला खाऱ्या पाण्याने धूत होतो. तिला अंघोळ घातली ती या पोरांनी."

गाडी राहिली. पुढच्याच ओहोटीला आत्याने लशींची पेटी मागे ठेवली आणि तिघांना गाडीत घेतलं. खाडीपलीकडे माणसं शेळ्या धरून वाटच बघत होती. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. आम्ही तर आशाच सोडली होती, डॉक्टरीणबाई आता येत नाहीत असंच धरून चाललो होतो, असं त्यांनी सांगितलं.

"मीसुद्धा तेच धरून चालले होते," आत्या म्हणाली आणि भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला. "मला या तिघांनी आणलंय." मग तिने पेटी उघडली आणि पहिली शेळी धरायला भिंगरीलाच सांगितलं.