मशीनचा भात

“आई, बघ तरी… शीत न् शीत मोकळं आलंय! उगाच नाही एवढं महाग मशीन.”

मुलाने झाकण उघडलं, वाफेचा लोट वर गेला, आणि ताट पुढे ओढत सूनबाईंनीही मान डोलावली. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाजलेला अंगठा ओल्या फडक्यात गुंडाळत होती. कौतुक चाललं होतं ते मशीनचं… आणि भात होता तिचा. ओट्याखाली, बादलीच्या आड लपवलेलं जाड बुडाचं जुनं पातेलं अजून गरमच होतं.

त्या पातेल्याच्या झाकणाची मूठ फार वर्षांपूर्वी तुटली होती. आई तेव्हा शिंप्याकडून काजं-बटणांचं काम घरी आणायची. त्यातलंच एक रिकामं लाकडी रीळ तिने मुठीच्या जागी स्क्रूने पक्कं केलं होतं. नवरा ऐन तारुण्यात गेला, नातेवाईक हळहळून आपापल्या घरी गेले, आणि मागे उरलं एक पोर, एक सुई आणि हे पातेलं! एका बाजूला भात रटरटायचा, दुसऱ्या बाजूला ती बटणं लावायची, आणि मुलगा तिच्या पाठीला पाठ लावून पाढे म्हणायचा. त्याच मुलाने आज छपाईच्या कारखान्यात हाताखाली माणसं असलेली नोकरी मिळवली होती, आणि त्याचं तिला कोण अप्रूप होतं.

मशीन घरात आलं तेही त्याच्या मायेपोटीच. एकदा भातातलं पाणी गाळताना आईच्या हातातून पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी तिच्या पावलावर सांडलं. मुलाने तिला पाठीवर घेऊन जिना उतरवला होता. पुढच्याच आठवड्यात तो हे पांढरंशुभ्र, गोलमटोल, बटण दाबलं की छोटीशी धून वाजवणारं भाताचं मशीन घेऊन आला. घाईघाईने खोका फाडून त्याने ते ओट्यावर मांडलं आणि आईचं बोट धरून बटणावर ठेवलं. लहानपणी ती त्याचं बोट धरून अक्षरं गिरवून घ्यायची, तसंच.

सूनबाईंचं मात्र पित्त खवळलं. साध्या भाताला कशाला लागतं हो मशीन, तिने विचारलं. तांदूळ धुवा, पाणी घाला, झाकण ठेवा, जगभर भात असाच होतो! खरं सांगायचं तर सून वाईट नव्हती. दिवसभर दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून कण्हणाऱ्या लोकांना गोड बोलायचं काम ती करायची, आणि घरी येईपर्यंत तिच्याजवळचा गोडवा संपलेला असायचा. न विचारता एवढी मोठी वस्तू घरात आणली, हे तिला लागलं होतं. भातावरून सुरू झालेलं भांडण माहेरावर गेलं, माहेरावरून लग्नावर गेलं, आणि शेवटी ती बॅग भरून उंबऱ्यात उभी राहिली.

“त्या मशीनचा भात एकदा बिघडू दे,” ती म्हणाली, “मग बघते मी.”

ती गेली. मुलगा न जेवता कामावर गेला. आईने देवाचं नाव घेऊन मशीनमध्ये तांदूळ घातले, बटण दाबलं, धून वाजली… आणि बऱ्याच वेळाने झाकण उघडलं तर वर कच्चे कण, खाली लगदा, आणि कुठूनसा कागद जळल्यासारखा वास. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच! बिघडलेलं मशीन! बायकोशी भांडून, केवळ आईसाठी आणलेलं, आणि तेच नेमकं बिघडलेलं! आता हे सांगायचं कुणाला? मुलाला सांगितलं तर तो बायकोसमोर तोंडघशी पडणार. सुनेला कळलं तर ती कायमची दुरावणार. आपल्या एका भाजलेल्या पावलापायी पोराचा संसार मोडायला निघाला, या विचाराने तिचं अंतःकरण व्याकूळ झालं.

तिने अडगळीतून पातेलं काढलं, भात शिजवला, तो हलक्या हाताने मशीनमध्ये ओतला आणि बुडाची करपट खरपुडी स्वतः खाल्ली, कारण मशीनच्या भाताला खरपुडी नसते. संध्याकाळी मुलाने हातापाया पडून सुनेला परत आणलं. ती फुगलेल्या तोंडाने जेवायला बसली, पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

“बरा झालाय हो,” ती पुटपुटली.

मुलगा तिच्याकडे बघून हसला, तीही नाइलाजाने हसली, आणि त्या रात्री आईला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

मग ते रोजचंच झालं. दोघं कामावरून यायच्या आत पातेलं चुलीवर चढायचं आणि घासूनपुसून बादलीआड जायचं. जिन्यात पावलं वाजली की ती मशीनचं बटण दाबायची. धून वाजायची आणि मुलगा दारातूनच खूश व्हायचा. सुटीच्या दिवशी तर तिची तारांबळ उडायची. दोघांना काहीबाही आणायला बाहेर पिटाळताना ती अशी काही नावं सांगायची की दुकानदारही बुचकळ्यात पडावा! दुखऱ्या पायावर उभं राहून कंबर मोडायची, हात भाजायचे, आणि खरपुडी चावता चावता आधी एक दाढ तुटली, मग दुसरी. सुनेनेच तिला दवाखान्यात नेलं आणि असं काय चावलंत म्हणून विचारलं. आई म्हणाली, बदाम. बदाम खायची एवढी हौस, म्हणून सून घरभर हसली, आणि आईही तोंडात कापूस धरून हसली. घरात हसणं होतं, आणखी काय हवं होतं तिला?

पण नियतीला तेवढंही बघवलं नाही. कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलला. मुलाचा सगळा दिवस येण्याजाण्यात जाऊ लागला, तो वाळत चालला, आणि पुन्हा धुसफूस सुरू झाली. शेवटी कारखान्याजवळ एक खोली मिळाली. एकच खोली, भिंतीत एक फळी, फळीच्या वर विजेचं एक बटण. चूल पेटवायला मालकाची सक्त मनाई होती. मुलाने ते सगळं आईला उत्साहाने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली जात गेला.

“हे मशीन आहे म्हणून जमतंय, आई. भात त्यात होईल, भाजी-आमटी बाहेरून आणू. पण… तिथे तिसरी खाट मावत नाही.”

“वृद्धांचा एक चांगला निवास आहे,” सून चाचरत म्हणाली. “तुम्हाला सोबत होईल. आणि आता घरात तुमच्यावाचून अडतंय असंही नाही ना काही… म्हणजे, खूप केलंत तुम्ही, असं म्हणायचंय मला.”

आईने दोघांकडे पाहिलं. एक वाक्य… फक्त एकच वाक्य तिच्या ओठांवर होतं! मशीन पहिल्यापासून बंद आहे रे बाळांनो, तुम्ही जेवलात तो माझा भात होता. एवढं म्हटलं असतं तर चुलीवाचून चाललं नसतं, ती खोली हातची गेली असती, आणि तिची खाट इथेच राहिली असती. पण मुलाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसत होती. सुनेची बॅग भरलेली कशी दिसते, तेही ती विसरली नव्हती. आपल्याच हाताने आपण या घरातली आपली गरज पुसून टाकली, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

“चालेल की,” ती म्हणाली, आणि भांडी आवरायला उठली.

पण बिघडलेलं मशीन घेऊन मुलं चूल नसलेल्या खोलीत जाणार होती! दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर पडताच तिने मशीन चादरीत बांधलं, ते उराशी धरून बस पकडली आणि कंपनीचं दुरुस्तीचं दुकान शोधून काढलं. कारागिराने आतलं भांडं उचललं, खाली बोट घातलं आणि एक गोल, राखाडी, कडेने तपकिरी पडलेला पुठ्ठा ओढून काढला.

“आजी, हा पॅकिंगचा पुठ्ठा. वापरायच्या आधी काढायचा असतो. भांड्याला धगच मिळत नव्हती.” त्याने मशीन उलटसुलट करून पाहिलं. “बाकी मशीन कोरं आहे. एकदाही धड चाललेलं नाही.”

ती स्टुलावर बसली. पुठ्ठा! खोका घाईने फाडताना तिच्या मुलाच्या नजरेतून सुटलेला एक पुठ्ठा… मुलाने आणलेलं सुख इतके दिवस त्याच्यावर तसंच बसून होतं, आणि खाली वाकून बघायचं तिला सुचलं नव्हतं. बघितलं असतं तर हात भाजले नसते, दाढा तुटल्या नसत्या. कारागिराने तिला पाणी दिलं आणि नोंदीसाठी फोन नंबर विचारला. तिला पाठ असलेला नंबर एकच होता, तो तिने सांगितला.

त्या संध्याकाळी भात खरोखर मशीनमध्ये झाला. मोकळा, मऊ, पांढरा. तिने एक शीत जिभेवर ठेवलं आणि मनात एक अधम आशा धरून वाट पाहिली… आता मुलगा थांबेल, विचारेल, आई, आज काय वेगळं केलंस? मुलगा जेवला. सून जेवली. दोघांनी पुन्हा भात वाढून घेतला आणि सामान कधी हलवायचं यावर बोलत राहिली. त्या रात्री आईने पातेलं आपल्या कपड्यांच्या तळाशी गुंडाळून ठेवलं.

निवासात खोलीत चूल नव्हती. भलंमोठं जेवणघर होतं आणि त्यात भलंमोठं मशीन होतं. पातेलं खाटेखाली पडून होतं, त्यात आई बटणं ठेवायची. मुलगा भेटायला येई, ती त्याला सगळं छान आहे म्हणून सांगे, आणि तो गेला की भिंतीकडे तोंड करून पडून राही.

आणि एका दुपारी दोघं अचानक दारात उभी राहिली. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. दुकानातून फोन आला होता, तो म्हणाला. दोघं भातच खात होती तेव्हा. फोनवरची मुलगी विचारत होती, तुमच्या आईंनी मशीन आणलं होतं, खालचा पुठ्ठा काढायचा राहिला होता, म्हणून ते एकदाही चाललं नव्हतं, आता समाधान आहे ना सर?

“मशीन पुन्हा बिघडलंय, आई,” तो कसाबसा म्हणाला. “भातच होत नाही. तू चल.”

आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. आयुष्यभर तिने या मुलासाठी खोटं सांगितलं होतं. तिच्यासाठी कुणी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ होती, आणि ते खरं मानावं म्हणून तिचा जीव तीळतीळ तुटला. पण त्या खोलीची लांबी-रुंदी तिला ठाऊक होती.

“तुला खोटं बोलणं जमत नाही रे,” ती म्हणाली. “जागा तरी आहे का तिथे?”

त्याने मान खाली घातली. सून खाटेच्या कडेवर बसली आणि तिला रडू कोसळलं.

“मला फरक कळला नाही, आई. तुमचा भात गेला नि मशीनचा आला, आणि मी वाढून घेतला… तेच मला खातंय. सांगायचं तरी होतंत. मी एवढी वाईट आहे का?”

“वेडी आहेस,” आईने तिला जवळ घेतलं. “तुला फरक कळू नये म्हणूनच तर मी जपत होते.”

सुनेने मान वर केली. काहीतरी आठवून ती आईच्या तोंडाकडे, गालाच्या खोलगट बाजूकडे बघत राहिली.

“रोज पातेल्यात केलात ना भात? मग खालची खरपुडी… ती कुठे टाकत होतात?”

आईने पदर तोंडाशी नेला.

“बदाम म्हणालात तुम्ही,” सून कुजबुजली. “दोन दाढा गेल्या… बदाम म्हणालात.”

बाहेर भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मुलगा खाली बसला होता, त्याने आईच्या मांडीत तोंड लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. तिने एक हात त्याच्या केसांत घातला, दुसऱ्याने सुनेचे डोळे पुसले, आणि सवयीने, अगदी सवयीने हसली.

“अगं, टाकायची कशाला? मला खरपुडीच आवडते.”

या खेपेला तिचं खोटं दोघांनाही कळलं.