चाकोरीतली पिल्लं

बॉनेटसमोर अचानक एक लाल निशाण आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला. निशाणामागे एक माणूस होता. खाकी टोपी, अनवाणी पाय, गळ्यात शिट्टी.

"काच खाली घ्या, मॅडम."

घेतली. खाऱ्या वाऱ्याबरोबर थोडी वाळूही आत आली.

"टायरची हवा कमी केलीत?"

"फाटकापाशीच केली. भरलेला टायर वाळूत रुततो, एवढं कळतं मला."

"कोणी शिकवलं?"

"ज्यांची गाडी आहे त्यांनी."

आता त्याने गाडीकडे नीट पाहिलं. फिकट निळा रंग, दारावरचा उडालेला टवका... आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ही तर काकांची गाडी! म्हणजे तुम्ही... पुस्तकवाली?"

"आणि तुम्ही शिट्टी."

बाबा दर रविवारी या किनाऱ्यावर गाडी फिरवायला यायचे आणि घरी येऊन चहा घेता घेता सांगायचे, 'आज पुन्हा शिट्टीने पकडलं.' माझ्या डोळ्यांसमोर कोणी मिशाळ, पोट सुटलेला गृहस्थ असायचा. हा तर माझ्याच वयाचा होता, उंचीनेही माझ्याएवढाच, आणि मिशीचा पत्ता नव्हता.

"काका नाही आले?"

"नाही," मी म्हणाले, आणि समुद्राकडे पाहिलं.

त्याने निशाण खाली घेतलं. "ऐका. गाडी ओल्या वाळूवरूनच न्यायची. वरच्या कोरड्या वाळूत चिखल्या पक्ष्यांची घरटी आहेत. पिल्लं नुकतीच बाहेर पडलीत. उडता येत नाही, आणि भीती वाटली की पळायचं सोडून गाड्यांच्या चाकोरीत दबा धरून बसतात. वाळूत वाळूसारखी. म्हणून सध्या गाडीपुढे मी चालतो आणि गाडी माझ्या मागून येते. टेकाडातल्या वाटेपर्यंत. घाई आहे?"

घाई कसली? दादाने गिऱ्हाईक शोधलं होतं. उद्या सकाळी गाडी त्याच्या ताब्यात द्यायची होती. शेवटची एक चक्कर मारायची म्हणून मी आले होते.

"नाही," मी म्हणाले. "मुंगीच्या पावलाने चला."

तो चालू लागला. मी पहिल्या गियरमध्ये त्याच्या मागे. तो अधूनमधून वळायचा, वाळू बघितल्यासारखं करून माझ्याकडे बघायचा.

"पाठीमागे उशी कशाला? सीट पुढे घ्या ना."

"अडकलीय."

सीट अडकलेली नव्हती. बाबांचे पाय लांब होते; सीट त्यांच्या मापाची होती, एवढंच.

"काका म्हणायचे, आमची मुलगी पुस्तकातून नाक बाहेर काढेल तेव्हा आणतो तिला."

"आणखी काय म्हणायचे?"

"ते सांगितलं तर तुम्ही अंगावर गाडी घालाल."

"मग लवकर सांगा..."

तो हसला. मग एकाएकी थांबला, आणि निशाण वर गेलं.

टेकाडातून रस्त्याकडे चढणारी वाट समोरच होती. तिच्या तोंडाशी, चाकोरीत, मला आधी काहीच दिसलं नाही. मग वाळूचा एक कण हलला. डोळा होता तो. त्याच्या शेजारी दुसरा. कापसाच्या बोंडाएवढी दोन पिल्लं, जमिनीला चिकटून. त्यांची आई जरा लांबवर टीं-टीं करत धावत होती.

"उचलून बाजूला ठेवता नाही येत?"

"जवळ गेलं की आणखी दबतात, आणि आई लांब पळते. आपण थांबायचं. उठतील."

मागे एक पांढरी मोठी गाडी येऊन उभी राहिली. तिचा मालक डोकं बाहेर काढून ओरडला, "काय नाटक आहे? भरती येतेय!"

"पिल्लं आहेत, साहेब. ती मागची दुसरी वाट मोकळी आहे."

"एवढा वळसा? पाखरासाठी?" आणि त्याने स्टिअरिंग फिरवलं. तो माझ्या बाजूने घुसणार होता, सरळ त्या चाकोरीत. निशाण घेऊन शिट्टी त्याच्यासमोर धावला. तो शिट्टी फुंकत होता, पण गाडी थांबत नव्हती.

मी विचार केला नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि बाबांची गाडी वाटेच्या तोंडाशी, पिल्लांच्या अलीकडे आडवी घातली. पांढऱ्या गाडीचा ब्रेक करकचून लागला. मालकाने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तो उलटा वळला आणि दुसऱ्या वाटेला लागला.

माझं मागचं चाक मात्र समुद्राच्या बाजूला रुतलं. जेवढा ॲक्सिलरेटर दाबावा तेवढं खोल. आणि फेसाची पहिली कड टायरला लागली.

"बाहेर या," तो दार उघडून म्हणाला. "जीप आणतो, दोर लावू. पण ओढायचं तर वरच्या बाजूने... म्हणजे पिल्लं उठल्यावर."

"मग उठू देत."

लोक देव पाण्यात ठेवतात. आम्ही गाडी ठेवली. पाणी दारापर्यंत आलं, मग दाराच्या आत. बाबांच्या पायाखालचं रबरी मॅट तरंगायला लागलं. तो माझ्यापेक्षा जास्त कासावीस झाला होता.

"काका मला जिवंत सोडणार नाहीत हो..."

"बाबा गेले," मी म्हणाले. "हिवाळ्यात."

त्याने टोपी काढली. आम्ही शेजारी शेजारी उभे होतो, आणि त्याचा हात माझ्या हाताच्या इतक्या जवळ होता की वारा मधून जात नव्हता.

मग पिल्लांच्या आईने एक वेगळीच, बारीक साद घातली. पिल्लं उठली, आणि काटकुळ्या पायांवर तुरुतुरु टेकाडावर निघून गेली.

जीपला दोर लावून ओढल्यावर गाडी निघाली, इंजिन मात्र गप्प. गिऱ्हाईक फोनवरच फिरलं. दादा म्हणाला, "तुला अक्कल नावाची चीज आहे का गं?" मी म्हटलं, "आता गाडी माझ्याकडेच राहू दे." तो म्हणाला, "हट्टी. बाबांवर गेलीस."

मेकॅनिकच्या हातून गाडी सुटली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. मी तडक किनाऱ्यावर गेले. निशाण आडवं आलंच.

"काच खाली घ्या, मॅडम."

"आज तुम्ही चालवा."

"आणि पुढे कोण चालणार?"

"मी."

तो उशी बाजूला सारून बसला. पाय क्लचपर्यंत पोहोचेनात. "पण सीट तर अडकलीय ना?"

मी वाकले, सीटखाली हात घातला आणि खटका ओढला. वाळू करकरली. सीट खटकन पुढे आली.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मग उशी उचलून खिडकीतून मला दिली. मी ती काखेत मारली, निशाण घेतलं आणि चालू लागले, नजर चाकोरीवर, एकेक पाऊल टाकत. मागे पहिल्या गियरची ती घरघर, झोपेतही ओळखेन अशी.

"अहो, जरा हळू!" मागून आवाज आला.

"याहून हळू? का?"

"टेकाडातली वाट... फार लवकर येतेय."

मी वळून पाहिलं नाही. पण पाऊल आखूड केलं.