वेंडेलचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी ती रात्रीची केली असती. अमावास्या घातली असती, दूर कुठेतरी कुत्री रडवली असती. पण हे घडलं ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात. उत्तर फ्लोरिडात, सुवानी नदीजवळ, मिस ओपल नावाच्या म्हातारीच्या जमिनीतल्या झऱ्यात. झऱ्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातलाच कुणीतरी तिथे जाऊन उभा राहील.

जिच्या बाबतीत घडलं तिने मला स्वतः सांगितलं. डार्ला स्टोक्स. शाळेची बस चालवते. मागे पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात आणि हिचा हात स्टिअरिंगवरून हलत नाही. घाबरट बाई नाही ती.

तिचा धाकटा भाऊ वेंडेल. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. डार्लानेच त्याला वाढवलं. पाण्याखालच्या गुहांत शिरायलाही तिनेच शिकवलं. इकडे हा शौक पुष्कळांना असतो. जमिनीखाली मैलोगणती पाण्याने भरलेली भुयारं आहेत, आणि माणसाला भोक दिसलं की आत डोकवावंसं वाटतंच.

दर वर्षी तिघं जात. डार्ला, वेंडेल आणि त्यांचा मित्र गार्लंड, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. शुक्रवारी संध्याकाळी तंबू ठोकायचा, कॅटफिश मासे तळायचे, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात बसायचं. त्या वर्षी वेंडेलची बायको लोरेटा पोटुशी होती, म्हणून गार्लंडला चेष्टेसाठी चांगलंच खाद्य मिळालं होतं.

"पोट तिचं वाढायला हवं, तुझं का वाढतंय?" तो वेंडेलला म्हणाला.

"तू इंजिनं बघ. माणसांच्या पोटात शिरू नकोस."

डार्ला हसली. लोरेटाने निघताना तिला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं की ह्याला परत आण. डार्लाने तिला वेड्यात काढलं होतं. मी आहे ना सोबत, म्हणाली होती.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गुहेच्या तोंडापासून आत एक नायलॉनची दोरी बांधलेली असते. तीच धरून जायचं, तीच धरून यायचं. जिथून आडवं भुयार फुटतं, तिथे प्रत्येकाने दोरीला आपला प्लास्टिकचा गोल बिल्ला अडकवायचा. परतताना ज्याचा त्याने काढून घ्यायचा. बिल्ला दोरीला आहे म्हणजे माणूस अजून आत आहे. बिल्ला नाही म्हणजे तो बाहेर पडला. अंधारातही ओळखू यावा म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. डार्लाच्या बिल्ल्याला एक खाच होती. वेंडेलच्या बिल्ल्याला दोन भोकं. गार्लंडच्या बिल्ल्याला रबर गुंडाळलेलं.

दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नाही. न विचारता कुणाचा ट्रक नेला तर इथे एकवेळ चालेल. बिल्ला नाही.

शनिवारी दुपारी तिघं आत गेले. फाट्यावर तिघांनी बिल्ले अडकवले आणि डावीकडच्या भुयारात शिरले. पुढे गार्लंड, मध्ये डार्ला, शेवटी वेंडेल. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. आत जाण्यासाठी ठरलेली हवा संपली, गार्लंडने खूण केली, तिघं वळले.

आणि छतावरचा गाळ सुटला...

क्षणात काही दिसेनासं झालं. दिवा डोळ्यांना लावला तरी दिसेना. अशा वेळी घाबरायचं नसतं. एका हातात दोरी, दुसरा हात पुढच्यावर. वळल्यामुळे आता वेंडेल पुढे होता. डार्लाने त्याचा घोटा पकडला. गार्लंडने मागून तिचा दंड पकडला. तिघं सरकू लागले.

वाट अरुंद झाली. डार्लाचा सिलिंडर दगडात अडकला. ती सोडवायला मागे सरली.

पुन्हा हात पुढे केला...

घोटा नव्हता.

तिने चाचपलं. पाणी. दगड. पाणी. मागून गार्लंड दंड ढकलत होता. तो चल म्हणत होता, त्याला काय माहीत. हवा मोजकी होती. ती दोरी धरून फाट्यापर्यंत आली आणि बोटांनी बिल्ले चाचपले.

खाचेचा होता. रबराचा होता.

दोन भोकांचा नव्हता.

डार्ला मला म्हणाली, तेव्हा तिला पाण्यातच रडू आलं, इतकं बरं वाटलं. पोरगा पुढे निघून गेला होता. वर गेल्यावर कान उपटायचे, असं तिने ठरवलंसुद्धा. तिने आपला बिल्ला काढला, गार्लंडने त्याचा काढला, आणि दोघं उजेडाकडे निघाले.

खोलातून आल्यावर लगेच वर जाता येत नाही. तोंडाशी थांबावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस पांगळा होतो नाहीतर मरतो. दोघं थांबले. इथलं पाणी काचेसारखं. वर ऊन दिसत होतं. सायप्रसची झाडं दिसत होती. लाकडी धक्का दिसत होता.

आणि धक्क्यावरून पाण्यात सोडलेले दोन पाय...

डार्लाने गार्लंडला बोट करून दाखवलं. तोही हसला. हा बाबा आरामात बसलाय.

दोघं वर आले. धक्क्यावर कुणी नव्हतं.

फळ्या कोरड्या होत्या. ओल्या पावलांची एक खूण नव्हती.

"वेंडेल कुठाय?" गार्लंडने विचारलं.

डार्लाने हाक मारली. तंबूकडे पळत गेली. ट्रकमध्ये पाहिलं. झुडपांत पाहिलं. नंतर तिच्या लक्षात आलं की आपण मूर्खासारखं जमिनीवर शोधतोय. तो आत होता. आपण त्याला आत सोडून आलो.

गार्लंडला तिने मिस ओपलच्या घरी पिटाळलं, कारण खाली फोन लागत नव्हता. बचाववाले येणार दुसऱ्या गावाहून. तोवर वेंडेलची हवा पुरणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. गार्लंड तिला थांब म्हणाला. एकटीने परत आत जाणं म्हणजे आत्महत्या आहे, म्हणाला.

"लोरेटाला तू सांगणार आहेस का?" तिने विचारलं.

तो आपल्या गाडीकडे वळला. निघून गेला.

डार्लाने आपल्या ट्रकमधली नवी टाकी पाठीवर चढवली, वेंडेलसाठी एक जादा भरलेला सिलिंडर कमरेला अडकवला आणि बुडी मारली. पोहताना ती देवाशी भांडत होती. हात जोडून नाही, चक्क शिव्या देऊन. मला घे, म्हणत होती, त्याच्या पोराने अजून जग पाहिलं नाही.

फाट्यावर आली. दिवा दोरीवर धरला...

दोन भोकांचा बिल्ला.

होता. जिथे अडकवला होता तिथेच, जसा होता तसाच.

मघाशी तिने तीनदा चाचपलं होतं. गार्लंडनेही चाचपलं होतं. पण विचार करायला वेळ कुठे होता? बिल्ला आहे म्हणजे भाऊ आत आहे, एवढंच तिने धरलं. ती डावीकडे शिरली. आत अजून गाळच गाळ. दिवा असून नसल्यासारखा.

आणि आवाज आला...

टक. टक. टक.

लोखंडावर दगड आपटावा तसा. कुणीतरी सिलिंडर ठोकत होतं.

तो जिवंत होता! ती आवाजाच्या रोखाने सरकू लागली. टकटक पुढून येत होती. लांबून, खोलातून. ती एक हात पुढे करून चाचपत होती.

तेवढ्यात तिचा दंड कुणीतरी धरला.

डावीकडून.

हात घट्ट होता. डार्लाने तो दोन्ही हातांनी दाबला, खांदा चाचपला, चेहऱ्यावरचा मास्क चाचपला. माणूस होता. तिने जादा सिलिंडरची नळी त्याच्या तोंडाशी नेली. त्याने ती घेतली. ती वळली आणि दोरी धरून बाहेर निघाली. मागे तो, दंड धरून. टकटक ऐकू येतेय की थांबलीय, हे तिने पाहिलंच नाही. सापडल्यावर कोण पाहतं?

फाटा आला. त्याचा हात त्याच्या बिल्ल्यावर नेऊन ठेवावा म्हणून तिने दोरी चाचपली...

दोरी रिकामी होती.

ती पुढे, तो मागे. त्याचा हात अजून तिथवर पोचलाच नव्हता.

बिल्ला नाही म्हणजे वेंडेल बाहेर पडला. मग दंड कुणी धरलाय?

डार्ला म्हणते, त्या जागी ती किती वेळ थांबली तिला माहीत नाही. बिल्ल्याने एकदा फसवलं होतं. त्याच्यावर भरवसा ठेवून तिने भावाला सोडलं होतं. आता पुन्हा त्याच्यावर भरवसा ठेवून हा हात झटकला आणि हा वेंडेलच असला, तर? गाळात मागे वळून चेहरा पाहायची सोय नव्हती. हात तेवढा होता. त्याने हलकेच ढकललं. चल.

ती निघाली.

उजेडात आल्यावर तिने मागे पाहिलं. वेंडेल होता. त्याचाच सूट, त्याचेच डोळे. तिने त्याला मिठी मारली. तो शांत होता. दोघं तोंडाशी थांबले, रक्तासाठी थांबावं लागतं म्हणून. ऊन खाली उतरत होतं. सगळं कसं गप्प होतं.

आणि त्या गप्पपणात, गुहेच्या आतून...

टक. टक. टक.

डार्लाने वेंडेलकडे पाहिलं. त्यालाही ऐकू आलं होतं. तिची खात्री आहे.

त्याने अंगठा वर केला.

पाण्याखाली ह्याचा अर्थ छान असा होत नाही. अंगठा म्हणजे वर चला, आत्ताच्या आत्ता. कुणीही करू शकतं. केला की सगळ्यांनी निघायचं, का म्हणून विचारायचं नाही. हा नियम डार्लानेच त्याला शिकवला होता.

तिने नियम पाळला.

बचाववाले आले तेव्हा वेंडेल टॉवेल गुंडाळून मिस ओपलची कॉफी पीत बसला होता. त्यांनी त्याची नाडी पाहिली, पाठ थोपटली आणि गाडी वळवली. डार्ला त्यांच्या गाडीमागे चार पावलं धावली. आणि थांबली. काय सांगणार होती? माझा भाऊ इथे बसलाय, आता आत जाऊन माझ्या भावाला शोधा?

सामान आवरताना गार्लंडने वेंडेलची स्वतःची टाकी पाहिली. पार रिकामी. मग जादा सिलिंडर पाहिला, ज्याने तो बाहेरपर्यंत आला होता. काठोकाठ भरलेला. हवेच्या काट्याची सुई हललीच नव्हती.

"काटा बिघडलाय," गार्लंड म्हणाला, आणि पुन्हा त्याविषयी बोलला नाही. बिल्ला कुठेच सापडला नाही. घोटा सुटल्यापासून पुढचं वेंडेलला काही आठवत नव्हतं.

लोरेटाला मुलगी झाली. वेंडेल तिला छान सांभाळतो. नोकरी करतो, चर्चला जातो, गार्लंडशी जुनेच विनोद करतो. डार्लाही विसरत चालली होती. मलासुद्धा तिने हे सांगितलं नसतं.

पण गेल्या मार्चमध्ये रविवारी तो तिच्याकडे जेवायला आला होता. जेवण झालं. लोरेटा बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर गेली. दोघंच टेबलाशी होते. त्याने डार्लाचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मनापासून बोलत होता.

"तुझे उपकार कसे फेडू गं? इतक्या वर्षांत परत आत आलेली तूच पहिली."

डार्लाने हात सोडवला नाही. कॉफी देऊ का, विचारलं.

मिस ओपलने फाटकाला कुलूप घातलंय. डार्ला तरीही शनिवारी दुपारी तिथे जाते, गाडी उभी करते आणि कुंपणापाशी थांबते. लोरेटाला तिने काही सांगितलेलं नाही. सांगून काय होणार, असं मलाच विचारते.

मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. गाळातला भास असेल, म्हटलं. पाण्यात आवाज कुठूनही येतो. काटा खरंच बिघडला असेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंगठा पाहून मी वर आले ना, तेव्हा आत जो कुणी ठोकत होता, त्याच्याकडे अजून हवा होती."