घोटभर पाणी

बस बेबा, दिवा जवळ ओढ. आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेरी आलीस आणि काकांच्या गाण्याचं विचारलंस. सांगते, पण माझ्या सासूबाईंपुढे कधी काढू नकोस.

तुझे काका इथे पिंप्राळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे आणि दर शनिवारी संध्याकाळी गिरधरभाऊंच्या चहाच्या हॉटेलात पेटी घेऊन बसायचे. गाणी स्वतः रचलेली, चालीही स्वतःच्याच. दहा-बारा माणसं, स्टोव्हचा वास, पेटीवर पाण्याचा पेला. प्रत्येक गाण्याआधी एक घोट घ्यायचे. पुढची एक खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवायचे. मी एकदाही गेले नाही. बाईमाणूस हॉटेलात बसलं तर लोक काय म्हणतील, याचीच मला काळजी. लोकांना काय, त्यांना चहाशी मतलब.

त्र्याण्णवच्या पौषात यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे म्हणाले, "कमल, घोटभर पाणी दे." मी ओला कापूस ओठांना लावला. पुन्हा म्हणाले. मी तोंड फिरवलं. आग लागो माझ्या शहाणपणाला. दिवस मावळायच्या आत गेले. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला घराला लागून असलेल्या रेडिओच्या बंद दुकानातून यांचं गुणगुणणं यायचं. मला भीती वाटली नाही. मी दाराला कान लावून बसायची.

मग आखाजी आली. वर्षभरात गेलेल्याच्या नावाने आपल्यात नवी घागर भरतात, वर खरबूज, आंबा ठेवतात. त्या पाण्याची पितर वाट बघतात म्हणे. सासूबाईंनी घागर माझ्यापुढे ठेवली.

"भर माय. त्याले तीस लागनी व्हई."

तहान लागली असेल, हे मला का कोणी सांगायला हवं होतं? पण घागर भरली म्हणजे यांना पितरांत नेऊन बसवलं. ते माझ्याच्याने होईना. मी भरली नाही, त्यांनाही भरू दिली नाही.

त्या दिवशी शनिवारच होता. गिरधरभाऊंनी यांची गाणी ठेवली होती. गाणार होता पंडित, यांना ढोलकीची साथ करणारा. मी गेले, पहिल्यांदा. त्या खुर्चीत बसले. वीज गेलेली, मेणबत्त्या लावलेल्या, उकाड्याने जीव नकोसा झालेला. यांच्या आठवणीखातर पेटीवर पेला भरून ठेवला होता.

पहिलं गाणं संपलं आणि पेला रिकामा. पंडितने हात लावला नव्हता. गिरधरभाऊंनी मुकाट्याने पुन्हा भरला. दुसऱ्या गाण्यानंतर तो आतून अगदी कोरडा होता, उन्हात वाळवल्यासारखा.

तिसरं गाणं यांनी माझ्यावर रचलेलं. पंडितचा आवाज हळूहळू खरखरीत होत गेला… मग तो त्याचा राहिलाच नाही. डोळे मिटलेले. ओठ पांढरे पडून तडकलेले. अर्ध्यातच थांबला आणि तोंड माझ्या खुर्चीकडे वळवलं.

"कमल… घोटभर पाणी दे…"

पंडित मला कायम वहिनी म्हणायचा.

मी धावत घरी आले, रडत रडत घागर काठोकाठ भरली, यांचं नाव घेतलं. पाणी माझ्या डोळ्यांदेखत वीतभर खाली गेलं.

त्या दिवसापासून दुकान गप्प झालं. पंडितला काही आठवत नव्हतं. हॉटेलातला पेला भरलेलाच राहायला लागला. यांची तहान भागली आणि माझ्या हातून हे दुसऱ्यांदा गेले. पुढची पाच वर्षं मी नेमाने घागर भरली, आणि पाचही वर्षं या घरात एक सूर उमटला नाही.

यंदा मी भरलेली नाही. वर खरबूज ठेवलंय ना, म्हणून सासूबाईंना कळलं नाही. घागर रिकामी आहे. पाप आहे, मला कळतं. पण ते तिसरं गाणं मी पुरतं ऐकलेलं नाही गं…

बेबा, तुझ्यापुढचा पेला मी मघाशी भरून ठेवला होता. तू प्यालीस का?

नाही ना… मग हलू नकोस. जरा ऐकू दे.